कणकेचा चॉकलेट केक: मैदा बदलला, पाण्याचं गणित तेच राहिलं

प्रश्न थोडक्यात असा. नेहमी छान होणारा मैद्याचा चॉकलेट केक आहे: 180 ग्रॅम मैदा, 45 ग्रॅम कोको, 280 ग्रॅम साखर, 120 ग्रॅम बटर, दोन अंडी, ताक. तो पौष्टिक करायचा म्हणून सगळा मैदा काढून तेवढीच कणीक घातली, साखर निम्मी केली, बटर पूर्ण काढून त्याच वजनाचा सफरचंदाचा शिजवलेला गर घातला, आणि कणीक जड असते म्हणून बेकिंग पावडर एक चमचा वाढवली. केक आधी टम्म फुगला, मग मधोमध बसला. तळाशी गिच्च, कडेला भगराळ, चवीला कडवट. आता विचारलंय की नेमकं काय चुकलं, साखरेऐवजी मध चालेल का, अंड्याशिवाय होईल का, आणि घरातल्या मधुमेह असलेल्या माणसाला हा केक देता येईल का.

कणकेत काही वाईट नाही, आणि तुमचा हातही वाईट नाही. तुम्ही एका वेळी चार गोष्टी हलवल्या, आणि त्या चारही गोष्टी केकमधल्या एकाच हिशोबाशी बांधलेल्या होत्या: पाणी किती आहे, ते कोण धरून ठेवतंय आणि ओव्हनमध्ये ते कधी सुटतंय. मैद्याच्या पाककृतीत पिठाचं नाव खोडून कणीक लिहिली की कणकेचा केक होत नाही. पदार्थांची यादी तीच राहते, पण प्रमाण आणि क्रम दोन्ही नव्याने बांधावे लागतात. अनेक वर्षं केक करते आणि शिकवतेही. ‘हेल्दी केक जमत नाही’ म्हणून येणाऱ्यांची तक्रार जवळजवळ नेहमी इथेच येऊन थांबते.

काही गोष्टी तुमची कणीक आणि तुमचा ओव्हन पाहिल्याशिवाय ठामपणे सांगता येत नाहीत. कणीक किती बारीक दळली आहे, गहू कोणत्या जातीचा, कोको कोणत्या प्रकारचा, टिन किती खोल, ओव्हनचा काटा खरं बोलतो की नाही, या सगळ्यावर निकाल बदलतो. म्हणून खाली आकडे देते आहे, पण त्यामागचं कारणही सांगते. कारण कळलं की आकडा तुमच्या तुम्हाला हलवता येईल.

आधी पीठ. गव्हाच्या दाण्यात साधारण 14-15 टक्के कोंडा असतो, अडीच-तीन टक्के अंकुर, आणि उरलेला पांढरा पिठूळ गाभा. मैदा म्हणजे नुसता गाभा. कणकेत कोंडा आणि अंकुर दोन्ही येतात, आणि केकच्या दृष्टीने दोघांचेही स्वभाव वेगळे.

कोंडा पाणी भरपूर पितो, पण सावकाश पितो. सगळी गोम या ‘सावकाश’मध्ये आहे. मिश्रण कालवताना ते सरसरीत दिसतं, तुम्हाला वाटतं पाणी पुरेसं आहे. मग कोंडा ओव्हनमध्ये गेल्यावर, नेमका केक उभा राहत असताना, आजूबाजूचं पाणी ओढायला लागतो. परिणाम: कोरडी, भगराळ जाळी आणि दाताखाली येणारे कोंड्याचे कण. शिवाय कोंड्याचे कण टोकदार असतात, ते ग्लुटेनच्या, म्हणजे पिठातल्या भिजलेल्या प्रथिनांच्या चिवट जाळ्यात आडवे येतात, हवेचे बुडबुडे फुटतात आणि केक मैद्याइतका उंच होत नाही. हे थोडंफार होणारच, ते मान्य करून पुढे जायचं. कणकेच्या केकची उंची मैद्याच्या केकशी कधी ताडून बघू नका.

त्यात दळणाचा प्रश्न. दगडी चक्कीत दळताना पिष्टाचे (स्टार्चचे) कण जास्त भरडले जातात, आणि भरडलेलं पिष्ट न भरडलेल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतं. त्यामुळे दोन कणकांमध्ये पाण्याचा फरक सहज पडतो. जाडसर दळलेली कणीक केकला नकोच, मिळेल तितकी बारीक घ्या. मऊ गव्हाची, कमी प्रथिनांची कणीक मिळाली तर सोन्याहून पिवळं. कडक गव्हात प्रथिनं 12-14 टक्क्यांपर्यंत जातात आणि जास्त घोटलं की केक चिवट होतो. मऊ गव्हात ती नऊ-दहाच्या आसपास असतात. आणि चाळणीत अडकलेला कोंडा फेकून देऊ नका. तो फेकायचा असेल तर मग सरळ मैदाच घ्या, उगाच पौष्टिकाच्या नावाखाली अर्धवट काम कशाला?

कडवटपणा दोन ठिकाणांहून येतो. एक, लालसर गव्हाच्या कोंड्यात मुळातच तुरट-कडवट द्रव्यं असतात. पांढऱ्या गव्हाच्या कणकेत ती कमी. चॉकलेट केक कणकेला चांगला मानवतो तो याच कारणाने: कोकोचा स्वतःचा कडवटपणा कोंड्याच्या चवीला पोटात घेतो. व्हॅनिलाच्या केकमध्ये कणीक लपत नाही. दुसरं कारण जास्त वेळा भेटतं आणि कमी वेळा ओळखलं जातं: कणीक जुनी असणं. अंकुरात तेल असतं, दळल्यावर ते हवेला उघडं पडतं आणि हळूहळू खवट होतं. केक करायच्या आधी चिमूटभर कणीक जिभेवर ठेवून बघा. गोडसर, दाण्यासारखी लागली तर ठीक. घशाशी कडू लागली किंवा जुन्या तेलाचा वास आला तर कितीही कोको घातला तरी ती चव बाहेर येणारच. कणीक थोडी आणा, हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, महिनोन्महिने ठेवायची तर फ्रीझरमध्ये.

आता बटर आणि सफरचंद, कारण तुमचा केक बसला त्यात मोठा वाटा यांचा आहे. हिशोब बघा. 120 ग्रॅम बटरमध्ये सुमारे 96 ग्रॅम स्निग्धांश आणि जेमतेम 20 ग्रॅम पाणी असतं. तेवढ्याच सफरचंदाच्या गरात शंभर ग्रॅमच्या वर पाणी आणि स्निग्धांश जवळपास शून्य. म्हणजे तुम्ही केकमधला सगळा स्निग्धांश काढला आणि वर 80-85 ग्रॅम पाणी जादा ओतलं. म्हणून तळ गिच्च झाला. आणि कडा कोरड्या का? कारण ओलावा आणि मऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी ओलावा देतं. मऊपणा येतो स्निग्धांशामुळे, कारण तो पिठाच्या कणांवर चढतो आणि ग्लुटेनला लांब, चिवट धागे विणू देत नाही. एकाच केकमध्ये ओला तळ आणि कोरडी कड सापडली की पहिली शंका स्निग्धांशावर घ्यायची.

फळाचा गर वाईट नाही. निम्मा स्निग्धांश काढून त्या जागी गर घातला तर चॉकलेट केक तो सहन करतो, फक्त बाकीचा द्रव त्या हिशोबाने कमी करायचा. पूर्ण स्निग्धांश काढलेला केक मला स्वतःला आवडत नाही. तो केकपेक्षा पुडिंगकडे झुकतो आणि दुसऱ्या दिवशी रबरासारखा लागतो. त्यापेक्षा बटरऐवजी तेल घ्या, आणि थोडं कमी घ्या. तेल खोलीच्या तापमानाला पातळच राहतं, म्हणून तेलाचा केक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ लागतो. बटर थंड झालं की गोठतं आणि केकही घट्ट वाटतो. शिवाय बटरमध्ये निम्म्याच्या आसपास संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) असतात, सूर्यफुलासारख्या तेलात साधारण दहा-बारा टक्के. खोबरेल मात्र या यादीत बसत नाही, त्यात संपृक्त मेद ऐंशी टक्क्यांच्या वर असतात. चवीला हवं तर घाला, आरोग्याच्या नावाने नको.

साखरेबद्दल लोक सगळ्यात जास्त वाद घालतात, म्हणून जरा थांबून सांगते. केकमध्ये साखर नुसती गोडीला नसते. ती पाणी धरून ठेवते, ग्लुटेनला आवर घालते, आणि पिष्ट शिजून घट्ट होण्याचं तापमान वर ढकलते. म्हणजे केकला फुगायला जास्त वेळ मिळतो. साखर निम्मी केली की केक लवकर घट्ट होतो, जाळी दाट बसते आणि ओलावा पटकन उडतो. मैद्याच्या बहुतेक पाककृतींमधली साखर पाव हिश्श्याने कमी केली तर खाणाऱ्याला कळतही नाही. चॉकलेट केकमध्ये एक तृतीयांशापर्यंत जाता येतं, पण त्या बदल्यात द्रव आणि स्निग्धांश नीट हवा. त्याच्या खाली जायचं तर केक वेगळ्या जातीचा होतो, कमी गोड ब्रेडसारखा. तो वाईट असतो असं नाही, पण पाहुण्यांसमोर ‘केक’ म्हणून ठेवला तर चेहरे बघावे लागतात.

मधाचं उत्तर: चालेल, पण आरोग्याच्या खात्यात त्याचा फारसा लाभ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ‘मुक्त साखर’ (वरून घातलेली साखर, शिवाय मध, पाक आणि फळांच्या रसातली) दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी, जमलं तर पाच टक्क्यांच्या खाली. 2000 कॅलरींच्या आहारात म्हणजे अनुक्रमे 50 आणि 25 ग्रॅम. मध या मुक्त साखरेतच मोजला जातो. गूळ किंवा तपकिरी साखर घेतली तर चव खमंग येते, रंग गडद येतो, पण साखर ती साखरच. मध घालायचाच असेल तर लक्षात ठेवा की त्यात 17-18 टक्के पाणी असतं आणि तो लवकर करपतो. म्हणून द्रव थोडा कमी आणि ओव्हन 10-15 अंश खाली. खजुराचं वाटण हा मात्र वेगळा पर्याय आहे. खजूर अख्खं फळ म्हणून येतो, सोबत तंतू (फायबर) आणतो, पाणी धरतो आणि कोकोशी त्याचं चांगलं जमतं. साखरेच्या एक तृतीयांशाऐवजी भिजवून वाटलेला खजूर घातला तर केक जरा दाट पण छान ओलसर होतो. सगळी साखर काढून नुसता खजूर घातलात तर फुगणं विसरा.

आता फुगवणाऱ्या गोष्टी. जड पिठाला जास्त बेकिंग पावडर, हे ऐकायला पटतं पण होतं उलट. जादा वायूमुळे मिश्रण घट्ट व्हायच्या आत जोरात वर चढतं. कणकेतल्या कोंड्यामुळे बुडबुड्यांच्या भिंती आधीच कमकुवत, त्यात मध्यभाग ओला. मग मधला भाग खाली बसणारच. तुमचा केक आधी टम्म फुगून नंतर बसला, ती याचीच खूण. साधा हिशोब असा की एक कप पिठाला, म्हणजे साधारण सव्वाशे ग्रॅमला, एक ते सव्वा चमचा बेकिंग पावडर किंवा पाव चमचा सोडा. सोडा पावडरीपेक्षा तीन-चार पट जोरकस असतो. चॉकलेट केकमध्ये आंबट ताक आणि कोको दोन्ही असल्यामुळे सोडा थोडा जास्त खपतो, आणि किंचित अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट बाजूच्या, मिश्रणात कोकोचा रंगही खुलतो. अति झाला तर साबणासारखी चव येते, आणि ती कशानेही झाकत नाही.

इथे कोकोचा प्रकार विचारायलाच हवा. नैसर्गिक कोको आंबट असतो, पीएच (आंबटपणाचं माप, सातच्या खाली आंबट) साधारण पाच ते सहाच्या मधला. डच पद्धतीचा कोको अल्कलीने, म्हणजे आंबटपणा मारणाऱ्या द्रव्याने, धुतलेला असतो, पीएच सात-आठच्या आसपास, रंग गडद आणि चव सौम्य. ही रीत एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्समध्ये कोएनराड व्हान हाउटेन यांनी रूढ केली, म्हणून तिला डच म्हणतात. डब्यावरच्या घटकांत अल्कलीचा उल्लेख असेल तर तो डच. अशा कोकोसोबत सोड्याला काम करायला आंबटपणा फक्त ताकातून मिळतो, म्हणून सोडा कमी करून बेकिंग पावडर वाढवायची. नैसर्गिक कोकोमध्ये फ्लॅव्हनॉल नावाची वनस्पतिजन्य द्रव्यं जास्त टिकतात, अल्कलीच्या प्रक्रियेत ती बरीच घटतात. पण म्हणून केकला औषध म्हणू नका. कोकोचा रोकडा फायदा तंतूंचा: बिनगोड कोको पावडरमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास तंतू असतात, कणकेपेक्षाही कितीतरी जास्त. आणि म्हणूनच कोकोही पाणी पितो. कणकेसोबत कोको म्हणजे दोन तहानलेली पिठं एका भांड्यात, हे ध्यानात ठेवून द्रव मोजायचा.

एवढं सांगितल्यावर माझी मांडणी देते. 20 सेंटिमीटर व्यासाच्या गोल टिनसाठी: बारीक कणीक 180 ग्रॅम, नैसर्गिक कोको 45 ग्रॅम, साखर 190 ग्रॅम, दोन अंडी, तेल 75 मिलिलिटर, ताक किंवा पातळ केलेलं दही 180 ग्रॅम, उकळतं पाणी 150 मिलिलिटर, सोडा पाऊण चमचा, बेकिंग पावडर पाऊण चमचा, मीठ पाव चमचा, व्हॅनिला चवीपुरता. चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा सपाट भरलेला. पीठ मात्र वजनानेच घ्या. कपात ठासून भरलेली आणि अलगद भरलेली कणीक यांत वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो, आणि तेवढ्यात केकचा दगड होतो.

क्रम महत्त्वाचा. कोकोवर उकळतं पाणी ओतून गुठळ्या मोडा आणि कोमट होऊ द्या. गरम पाण्याने कोकोचा सुगंध मोकळा होतो, तोच कोको जास्त चॉकलेटी लागतो. पाण्याऐवजी गाळलेली कोरी कॉफी घातली तर आणखी बरं. कॉफीची चव वेगळी कळत नाही, चॉकलेटची वाढते. कोमट झाल्यावर त्यात ताक घाला. कणकेतले दोन मोठे चमचे बाजूला काढून ठेवा आणि उरलेली कणीक या मिश्रणात घालून फक्त कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत ढवळा. घोटू नका. मग झाकण घालून अर्धा तास विसरून जा.

मैद्याच्या पाककृतीत न सापडणारी पायरी ती हीच. या अर्ध्या तासात कोंडा पाणी पिऊन मऊ पडतो, टोकं बोथट होतात आणि ओव्हनमध्ये त्याला कुणाचं पाणी ओढावं लागत नाही. साखर या टप्प्यावर मुद्दाम घालत नाही, कारण साखर स्वतः पाणी ओढते आणि कोंड्याच्या वाटणीचं कमी करते. सोडाही नाही, नाहीतर ताकाशी भेट होऊन त्याचा वायू वाट बघण्यातच उडून जाईल. अर्ध्या तासाने मिश्रण आधीपेक्षा दाट दिसेल. दिसलंच पाहिजे.

तेवढ्यात ओव्हन 170 अंश सेल्सिअसला तापत ठेवा आणि टिनला तळाशी बटर पेपर लावा. अंडी, साखर, मीठ आणि व्हॅनिला फिकट, फेसाळ होईपर्यंत फेटा, तेलाची धार सोडत आणखी थोडं फेटा. हे भिजलेल्या कणकेत दोन-तीन भागांत मिसळा. पहिल्या भागाने नुसतं सैल करायचं, पुढचे भाग हलक्या हाताने. शेवटी बाजूला ठेवलेल्या कणकेत सोडा आणि बेकिंग पावडर घालून, दोनदा चाळून, मिश्रणावर भुरभुरवा आणि एकजीव करा. सोड्याची गुठळी राहिली तर केकमध्ये तिथे कडू डाग लागतो, म्हणून चाळणीचा कंटाळा नको. यानंतर मिश्रण थांबवायचं नाही, लगेच टिनमध्ये आणि लगेच ओव्हनमध्ये.

मिश्रण कसं दिसावं? चमच्यावरून जाड पट्टीसारखं पडावं आणि पडलेली पट्टी दोन-तीन सेकंदांत मिसळून जावी. गोळ्यासारखं पडत असेल तर दूध किंवा पाणी एकेक मोठा चमचा घाला, कणीक चक्कीची असेल तर दोन-तीन चमचे लागू शकतात. पाण्यासारखं वाहत असेल तर पीठ घालू नका, पुढच्या वेळी पाणी कमी घ्या.

भाजायला 35 ते 40 मिनिटं लागतात. तिसाव्या मिनिटाच्या आत दार उघडू नका. टूथपिक अगदी कोरडी बाहेर येईपर्यंत थांबलात तर कणकेचा केक कोरडा झालाच समजा. तिच्यावर दोन-चार ओलसर कण चिकटलेले हवेत, ओलं मिश्रण मात्र नको. अन्नाचं थर्मामीटर असेल तर मध्यभागी 96-98 अंश पुरे. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर.

कापायची घाई नको. कणकेचा केक त्याच दिवशीपेक्षा दुसऱ्या दिवशी चांगला लागतो, ओलावा सगळीकडे सारखा पसरतो आणि कोंड्याचा खरखरीतपणा आणखी कमी होतो. समारंभ असेल तर आदल्या दिवशी करा, पूर्ण गार झाल्यावर घट्ट गुंडाळून ठेवा.

सगळी कणीक पहिल्याच वेळी घालायला हवी असं नाही. घरात मैद्याच्या केकची सवय असेल तर निम्मी कणीक, निम्मा मैदा इथून सुरुवात करा आणि पाण्यातले 25-30 मिलिलिटर कमी करा. चौथा हिस्सा ओटचं पीठ घातलं तरी छान होतं. ओटमध्ये ग्लुटेन नाही, त्यामुळे चिवटपणा येत नाही, आणि त्यातला विरघळणारा तंतू ओलावा धरून ठेवतो. नाचणी, ज्वारीसारखी पिठं चवीला कोकोबरोबर जुळतात, पण चौथ्या हिश्श्याच्या वर गेलात की केक हातात मोडायला लागतो, मग अंड्यांचा आधार वाढवावा लागतो.

आता ‘पौष्टिक’ म्हणजे किती, हे स्वच्छ बोलू. वरच्या केकचे बारा तुकडे केले तर एका तुकड्यात अंदाजे 195 कॅलरी, 16 ग्रॅम साखर आणि तीन ग्रॅमच्या आसपास तंतू येतात. कणकेऐवजी मैदा घेतला असता तर कॅलरीत तुकड्यामागे तीन-चारचाच फरक पडला असता. कणकेने कॅलरी कमी होत नाहीत. कणकेने तंतू वाढतात, कारण शंभर ग्रॅम कणकेत दहा-बारा ग्रॅम तंतू असतात, मैद्यात जेमतेम तीन. कॅलरी उतरतात त्या साखर आणि स्निग्धांश कमी केल्याने. साखर 280 वरून 190 वर आणली, तिथे तुकड्यामागे तीसेक कॅलरी वाचल्या. आणि मग वर जाड क्रीम लावलंत तर वाचवलेलं सगळं परत आलं, व्याजासकट. पिठीसाखर-बटरचा थर अनेकदा केकपेक्षा जास्त गोड असतो. मी वरून कोको भुरभुरवते, किंवा गडद चॉकलेट थोड्या गरम दुधात वितळवून त्याचा पातळ हात फिरवते. कणकेचा प्रश्न सोडून कुणी मला एकच बदल सुचवायला सांगितला तर मी क्रीम काढायला सांगेन.

मधुमेहाबद्दल. कणकेचा आहे म्हणून हा केक साखरेच्या बाबतीत निर्धोक होत नाही. साखर आणि पिष्ट दोन्ही रक्तातली साखर वाढवतात, तंतूंमुळे वेग थोडा कमी होईल इतकंच. लहान तुकडा, जेवणातली बाकीची पिष्टं त्या दिवशी कमी, हे चालेल का आणि किती, हे त्या व्यक्तीचे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील. औषधं आणि इन्सुलिन माहीत नसताना मी सांगणं बरोबर नाही. तुम्ही एक काम करू शकता: तुकड्यात किती साखर आणि किती पीठ आहे हे लिहून त्यांच्यासमोर ठेवा. ‘हेल्दी केक आहे’ यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

अंड्याशिवाय होतो, पण कणकेसोबत अंडंही काढलं की उभा राहायला आधार फार उरत नाही. अंडं शिजून घट्ट होतं आणि कोंड्याने कमकुवत झालेल्या भिंती धरून ठेवतं. म्हणून अंडी काढायची असतील तर तिसरा हिस्सा मैदा ठेवाच. दोन अंड्यांऐवजी दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला, आणि ताकात एक चमचा व्हिनेगर. साखर अशा वेळी तेलाबरोबर फेटून घ्या. एका खोल टिनऐवजी मफिनचे साचे किंवा दोन उथळ टिन वापरा. उंची कमी असली की मध्यभाग लवकर शिजतो आणि बसत नाही. मफिन 18-20 मिनिटांत होतात.

पुढच्या वेळी करताना वर दिलेलं प्रमाण जसंच्या तसं घ्या, अंडी आणि 190 ग्रॅम साखरेसकट. तो केक तुमच्या ओव्हनमध्ये नीट उतरला की मग एका वेळी एकच गोष्ट हलवा. आधी साखर वीसेक ग्रॅमने कमी करा, ते पचलं तर 25 मिलिलिटर तेलाच्या जागी तेवढाच सफरचंदाचा गर आणि पाण्यातून 20 मिलिलिटर वजा. प्रत्येक वेळी कणकेची पिशवी कोणती होती आणि मिश्रण चमच्यावरून कसं पडलं, एवढं वहीत टिपून ठेवा. पुन्हा काही अडलं तर तेवढी नोंद पाठवा. केकच्या फोटोपेक्षा मला त्यावरून जास्त कळेल.